यानाला नाव ठेवणारे आणि नावं ठेवणारे

दूरचित्रवाणीवरच्या विज्ञानमालिकांत अंतराळयान उडवायला जेवढी अक्कल खर्च होते, तिचा दहावा हिस्साही त्याला नाव ठेवताना होत नाही. यान उडवायचं तर प्रकाशाहून जास्त वेग कसा दाखवायचा, कृत्रिम गुरुत्वाकर्षणाचं काय करायचं, त्या दाराचा 'शूऽऽ' आवाज कोण काढणार, असे गहन प्रश्न असतात. नावाच्या वेळी मात्र कुणाला तरी शाळेत चाळलेलं ग्रीक पुराणांचं पुस्तक आठवतं, त्यातलं सर्वांत भारदस्त नाव उचललं जातं आणि यानाच्या पोटावर रंगवून टाकलं जातं. त्या नावाच्या इसमाचं पुढं काय झालं हे कळायला पुस्तकाचं पान उलटावं लागतं. ते उलटण्याची तसदी सहसा कुणी घेत नाही.

मराठी घरांत या कामासाठी आत्या नावाची संस्था आहे. बारशाला बाळाच्या कानात 'कुर्र' करण्याचा मान तिचा, पाठीत धपाटे खाण्याचा मानही तिचाच. पण त्याआधी आठवडाभर नावांची छाननीही तीच करते. "अश्वत्थामा नको, जन्मभर तेल मागत फिरेल." "कर्ण नको, ऐनवेळी चाक रुतेल." कारण दोन वाक्यांत, आणि निकालावर अपील नाही. विज्ञानमालिकांतल्या अंतराळदलांकडे लेसर आहेत, ढाली आहेत, कर्नल तर पैशाला पासरी आहेत, आत्या नाही.

परिणाम 'स्टारगेट एसजी-१' (१९९७–२००७) या अमेरिकी मालिकेत पाहायला मिळतात. मालिकेतल्या पृथ्वीवासीयांनी मोठ्या कष्टानं पहिलं आंतरतारकीय लढाऊ यान बांधलं आणि नाव ठेवलं 'प्रॉमिथियस'. प्रॉमिथियसनं देवांकडून अग्नी चोरून माणसांना दिला, हे पहिलं पान. त्याबद्दल झ्यूसनं त्याला कड्याला जखडलं आणि रोज एक गरुड येऊन त्याचं यकृत खाऊ लागला, हे दुसरं. रात्रीत यकृत पुन्हा वाढे, सकाळी गरुड पुन्हा हजर. कर्नल ओ'नील या पात्राला कुठूनतरी दुसऱ्या पानाचा सुगावा लागलेला असतो. हा तर ग्रीक शोकांतिकेतला माणूस, असलं नाव कुणाला हवं, अशी कुरकुर तो करतो. त्याची स्वतःची सूचना 'एंटरप्राइझ', म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या यानाचंच नाव, अशी होती, त्यामुळे ती कुणी मनावर घेतली नाही. पुढे २००६ साली एका भागात प्रॉमिथियसच्या ठिकऱ्या उडाल्या. त्या भागाचं नाव होतं 'ईथॉन'. ईथॉन हे त्या गरुडाचं नाव. म्हणजे लेखकांनी दुसरं पान वाचलं, पण यान बुडवायची वेळ आल्यावर.

तरीही कुणी धडा घेतला नाही. पुढचं यान 'डेडलस'. डेडलसनं मेणाचे पंख करून उड्डाण केलं आणि तो स्वतः सुखरूप पोचला, हे खरं. बरोबरचा मुलगा तेवढा वाटेत समुद्रात पडला. प्रवासी वाहतुकीच्या दृष्टीनं हे नाव आश्वासक म्हणता येत नाही. त्या मुलाचं, इकारसचं, नाव २००९च्या 'स्टारगेट युनिव्हर्स'मध्ये एका लष्करी तळाला दिलं आणि तो तळ ग्रहासकट पहिल्याच भागात फुटला. हे नाव ठरलं तेव्हाची बैठक साधारण अशी झाली असावी:

"काहीतरी भव्य हवं."

"इकारस?"

"वा. हा कोण?"

"उडायचा."

"मग पक्कं."

आणखी एका यानाचं नाव 'ओडिसी'. ट्रॉयहून घरी पोचायला ओडिसियसला दहा वर्षं लागली आणि त्याच्याबरोबर निघालेल्यांपैकी एकही जण परतला नाही. या नावाच्या वाहनात कोण बसेल? एसजी-१चं पथक बसलं. शेवटच्या भागात (२००७) हे यान काळाच्या बुडबुड्यात अडकलं आणि आतल्या मंडळींची सुमारे पन्नास वर्षं तिथंच गेली. होमरचा विक्रम पाचपटीनं मोडला. तेवढ्या वेळात कार्टर ही शास्त्रज्ञ चेलो वाजवायला शिकली. शेजारच्या खोलीत चेलो शिकणारं माणूस, बाहेर पडायला दार नाही आणि मुदत अर्धं शतक. ओडिसियसला सायरनांची गाणी ऐकताना निदान डोलकाठीला बांधून घ्यायची सोय होती.

ग्रीक पुराणांशी विज्ञानमालिकांची सोयरीक याच्याही बरीच आधीची. १९६५ साली बीबीसीच्या 'डॉक्टर हू'मध्ये 'द मिथ मेकर्स' ही चार भागांची कथा आली. डॉक्टरची कालयान-पेटी थेट ट्रॉयच्या रणांगणात उतरते आणि ग्रीक त्याला साक्षात झ्यूस समजतात. देवपणाचा हा मान फार टिकत नाही. ओडिसियस त्याला दोन दिवसांची मुदत देतो: ट्रॉय पाडण्याची युक्ती काढ, नाहीतर आहेच. लाकडी घोड्याची कल्पना डॉक्टर आधी उडवून लावतो. हे होमरनं कथेच्या सोयीसाठी घातलेलं, प्रत्यक्षात कुठलं जमायला! त्याऐवजी तो उडत्या यंत्राचा बेत मांडतो. ओडिसियस म्हणतो, फारच छान, पहिलं उड्डाण तूच कर. त्यानंतर लाकडी घोड्याविषयीचं डॉक्टरचं मत झपाट्यानं सुधारतं.

या कथेचं संगीत हम्फ्री सर्ल यांचं. ते खुद्द अँटन वेबर्नचे विद्यार्थी. शनिवारी संध्याकाळी पोरांनी पाहायच्या कार्यक्रमाला वेबर्नचा शिष्य, ही चैन सरकारी प्रसारणालाच परवडते. चैनीची भरपाई पुढं झाली. जुन्या चित्रफिती पुसून त्यांवर नवं चित्रण करण्याची तेव्हा पद्धत होती. 'द मिथ मेकर्स'चे चारही भाग नाहीसे झाले. पूर्ण असा उरला तो फक्त आवाज, चाहत्यांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर पकडून ठेवलेला. ट्रॉयची गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वी लोक जशी ऐकत तशीच आता ती ऐकावी लागते, मधूनमधून खरखरीसह.

अमेरिकेत ग्रीक देव स्वतः अवतरले ते १९६७ साली, 'स्टार ट्रेक'च्या 'हू मोर्न्स फॉर अडोनाइस?' या भागात. शीर्षकातलं नाव शेलीच्या कवितेतलं, त्यानं कीट्ससाठी योजलेलं. भागात कीट्स नाही, शेली नाही, अडोनाइसही नाही. आहे तो अपोलो. अवकाशात एक प्रचंड हिरवा हात प्रकट होतो आणि पोरानं चतुर पकडावा तसं एंटरप्राइझ यान मुठीत पकडतो. मग अपोलो आपली मागणी मांडतो: लॉरेलची पानं गोळा करा, होम पेटवा, हरीण कापा, माझी पूजा करा. त्याचे बाकीचे सोबती पूजेअभावी केव्हाच वाऱ्यावर विरून गेलेले. हा एकटाच पाच हजार वर्षं वाट पाहत थांबलेला. आरतीला माणसं जमत नाहीत म्हणून खंतावलेल्या गणेश मंडळाच्या अध्यक्षाशी त्याचं बरंच साम्य आहे.

कॅप्टन कर्क नकार देतो. कामाच्या यादीत पानं गोळा करणं नाही. अपोलोचं मन मात्र यानावरच्या पुराणवस्तू-तज्ज्ञ लेफ्टनंट पालामस हिच्यावर जडतं. मुख्य अभियंता स्कॉटी आधीपासूनच तिच्यासाठी झुरणारा. तो देवावर धावून जातो आणि वीज खाऊन आडवा होतो. शुद्धीवर येतो, पुन्हा धावतो, पुन्हा आडवा. सबंध विश्वातलं सर्वांत गुंतागुंतीचं इंजिन ज्याच्या हाती सोपवलंय, त्या माणसाला हा प्रयोग किती वेळा करून पाहावा हे कळत नाही. शेवटी देऊळ जाळलं जातं, अपोलो रडत रडत वाऱ्यात विरतो, आणि सगळं उरकल्यावर कर्कला वाटतं, चार पानं वेचली असती तर काय बिघडलं असतं. वर्गणी नाकारून दार लावून घेतल्यावर होते, त्या जातीची ही हळहळ.

पुढच्याच वर्षी 'एलान ऑफ ट्रॉयस' आला. नावातली हेलन ऑफ ट्रॉय लपवायचा प्रयत्न मांजरानं डोळे मिटून दूध प्यावं इतपतच. हेलनसाठी होमरच्या हिशेबानं हजाराहून जास्त गलबतं निघाली; एलानसाठी मालिकेच्या अंदाजपत्रकात एक क्लिंगॉन जहाज बसलं. तिच्या अश्रूंचा स्पर्श झालेला पुरुष तिचा दास होतो, आणि कर्क अर्थातच ते अश्रू स्वतःच्या हातानं पुसतो. डॉक्टर मॅकॉय जिवाचं रान करून उतारा शोधतो. तोवर कर्क बरा झालेला असतो, कारण त्याचं खरं प्रेम यानावर. पगारापेक्षा जास्त वेळ कचेरीत बसणाऱ्यांच्या घरी हा भाग शांतपणे पाहिला जात नाही.

'स्टार ट्रेक'च्या संगीतातही एक ग्रीक पुराण दडलंय, फक्त ते पडद्यामागं घडलं. शीर्षकसंगीत अलेक्झांडर करेज यांचं, नुसत्या सुरांचं. मालिकेचे जनक जीन रॉडनबरी यांनी करारातल्या एका कलमाचा आधार घेऊन त्या चालीवर शब्द लिहिले. मालिकेत ते शब्द कधीच गायले गेले नाहीत; गायचे नव्हतेच. पण गीतकार म्हणून नाव लागल्यानं स्वामित्वधनाचा अर्धा वाटा रॉडनबरींचा झाला. करेज यांना ते अजिबात रुचलं नाही. होमरच्या नावावर असलेल्या स्तोत्रांत बाळ हर्मीसची गोष्ट आहे: पहाटे जन्मला, दुपारी कासवाच्या पाठीची वीणा करून वाजवली, संध्याकाळी अपोलोच्या पन्नास गायी चोरल्या. प्रकरण झ्यूसपुढं गेलं. वीणा ऐकून अपोलो इतका खूश झाला की ती घेऊन त्यानं गायी सोडून दिल्या. संगीतविश्वातली बहुधा ही एकच तडजोड, जिच्यात दोन्ही पक्ष हसत घरी गेले. १९९१च्या 'डारमॉक' या भागाच्या शेवटी नव्या 'स्टार ट्रेक'चा कॅप्टन पिकार्ड नेमका हाच स्तोत्रसंग्रह वाचत बसलेला दिसतो. गायींच्या पानापर्यंत तो पोचला असल्यास गप्प राहिला. मालिका रॉडनबरींचीच होती.

सत्तरच्या दशकात 'डॉक्टर हू'च्या लेखकांनी उघड नावं सोडून नवी पद्धत काढली. ही पद्धत परीक्षेत शेजाऱ्याचं उतरवून काढणाऱ्या मुलांना परिचित आहे: सगळं तेच लिहायचं, अधूनमधून एखादं अक्षर फिरवायचं. 'अंडरवर्ल्ड' (१९७८) मध्ये सोनेरी लोकरीच्या शोधातला जेसन 'जॅक्सन' झाला, लोकरीऐवजी सोनेरी नळकांडी आली, आणि पर्सेफनीचं 'पी-सेव्हन-ई' हे यान झालं. पैसे इतके कमी उरले होते की पाताळातल्या गुहा बांधताच आल्या नाहीत. नट रिकाम्या जागेत धावले आणि छोट्या प्रतिकृतीची गुहा त्यांच्यामागं चिकटवण्यात आली. 'द हॉर्न्स ऑफ निमॉन' (१९७९–८०) मध्ये नॉससचं 'स्कॉनॉस', कॉरिंथचं 'क्रिनॉथ', अथेन्सचं 'अनेथ' आणि थीसियसचा 'सेथ'. चक्रव्यूहातला मिनोटॉर म्हणून जो निमॉन येतो, त्याच्यापुढं पोळ्याचा सजवलेला बैल जास्त भीतिदायक वाटावा. त्या काळी मालिकेला वर्षानुवर्षं संगीत देणाऱ्या डडली सिम्पसन यांची 'डॉक्टर हू'साठी प्रसारित झालेली ही अखेरची कामगिरी. बैल पाहिल्यावर आणखी काय करायचं राहिलं, असा प्रश्न त्यांना पडला असल्यास दोष देता येत नाही.

या कथेच्या शेवटी डॉक्टर मात्र आत्याचं काम करतो. सुटका झालेल्या मंडळींना यान पांढरं रंगवायची आठवण त्यानं आवर्जून केलेली असते, कारण मागच्या वेळी त्या दुसऱ्याला सांगायचं तो स्वतःच विसरला आणि मोठा गोंधळ झाला. तो दुसरा म्हणजे थीसियस. पांढरं शीड लावायचं राहिलं आणि काळं शीड पाहून त्याच्या बापानं समुद्रात उडी घेतली.

अशा मालिकांमुळे प्रेक्षकांत एक उपजात निर्माण झाली. नाव ठेवणारे लेखक, तर ही मंडळी नावं ठेवणारी. प्रस्तुत लेखक या जातीचाच असल्यानं लक्षणं खात्रीनं सांगता येतात. या माणसाला कथा दिसत नाही, फक्त संदर्भ दिसतात. रिमोट त्याच्याच हातात असतो, कारण समजावून सांगायला चित्र थांबवावं लागतं.

"थांब, थांब. स्कॉनॉस! आलं का लक्षात?"

"काय?"

"नॉसस! अक्षरं फिरवलीत."

"बरं. पण त्या बळी द्यायला आणलेल्या मुलांचं काय झालं?"

"कुठल्या मुलांचं?"

या जातीला सर्वांत मोठी मेजवानी 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'नं दिली. १९७८च्या मूळ मालिकेत कमांडर अडामाची तीन मुलं: अपोलो, अथीना आणि झॅक. देवाचं नाव न मिळालेला झॅक पहिल्याच कथेत मारला जातो, त्यामुळे आत्यांचं सगळं शास्त्र इथं उलटं पडतं. २००४ साली रोनाल्ड मूर यांनी ही मालिका नव्यानं उभी केली, तेव्हा मोठ्या मुलाचं पाळण्यातलं नाव ली झालं आणि अपोलो हे वैमानिकाचं हाकेचं नाव उरलं. अथीना हे हाकेचं नाव एका यंत्रमानव-स्त्रीकडं गेलं. तिला मुलगी झाली, तिचं नाव हेरा. पुराणात हेरा ही झ्यूसची बायको, म्हणजे अथीनाची सावत्र आई. आजी पोटी आली असं मराठीत कौतुकानं म्हणतात. सावत्र आई पोटी आल्यावर काय म्हणायचं, याची सोय भाषेनं केलेली नाही.

या मालिकेतली माणसं ग्रीक देव मानतात, अनेक देव. त्यांना संपवायला निघालेली सायलॉन ही यंत्रं एकेश्वरवादी. त्यामुळे संकटात माणसं अनेकवचनात कळवळतात: 'अरे देवांनो!' आणि या झ्यूस-अथीनावाल्या मंडळींच्या मालिकेचं शीर्षकगीत काय, तर रिचर्ड गिब्ज यांनी स्वरबद्ध केलेला गायत्री मंत्र. मुंजीत बटूच्या कानात, वर वस्त्र धरून, कुजबुजत द्यायचा तो मंत्र इथं स्त्रीस्वरात संथपणे सुरू होतो. पडद्यावर उरलेल्या माणसांचा आकडा झळकतो. मग एकदम ढोल कडाडतात आणि त्या दिवशीच्या भागात कोण कुणावर गोळी झाडणार हे झरझर दाखवून टाकलं जातं. हे ऐकून आतल्या खोलीतून आजोबा बाहेर आले तर संवाद ठरलेला:

"कुणाची मुंज?"

"मुंज नाही. यंत्रांनी जग बेचिराख केलंय. पन्नासेक हजार माणसं उरलीत."

"मग उच्चार तरी नीट करा म्हणावं."

मंत्रातला सविता म्हणजे सूर्य, आणि मालिकेच्या नायकाचं नाव ज्या अपोलोवरून, तोही पुढं सूर्याशीच जोडला गेलेला देव. हा योगायोग हाती लागल्यावर संदर्भवाला प्रेक्षक आठवडाभर जेवणात लक्ष देत नाही.

जुन्या मालिकेसाठी स्टू फिलिप्स यांनी वाद्यवृंदाचा राजेशाही थाट मांडला होता. नव्या मालिकेचं पार्श्वसंगीत बेअर मॅक्रिअरी यांनी आर्मेनियन दुदुक आणि जपानी ताइको ढोलांवर पेललं. त्यांची मोठी करामत बॉब डिलनचं १९६७चं 'ऑल अलाँग द वॉचटॉवर'. तिसऱ्या हंगामाच्या अखेरीस (२००७) यानावरच्या चौघांना ती चाल ऐकू येऊ लागते, बाकी कुणालाच नाही. कर्नल टाय भिंतीला कान लावून सूर कुठून येतो ते शोधत फिरतो. गुणगुणत गुणगुणत चौघं एका खोलीत जमतात आणि आपण माणूस नसून सायलॉन आहोत, हे त्यांना उमगतं. डोक्यात एखादं गाणं अडकलं की दिवस फुकट जातो, हा अनुभव सगळ्यांचा. टायचा जन्म फुकट गेला, कारण सायलॉन मारणं हाच त्याचा धर्म होता.

शेवटी (२००९) स्टारबक ही वैमानिक त्याच चालीचे सूर आकड्यांत बसवते, ते आकडे यानाच्या यंत्रात भरते, आणि यान आपल्या पृथ्वीपाशी येऊन पोचतं. ते सूर चिमुरड्या हेरानं ठिपक्यांच्या रूपात कागदावर आधीच काढून ठेवलेले असतात. गाण्यावर जहाज हाकायची कला जुनीच. आर्गो जहाजावर ऑर्फियस वीणेवर ताल धरी आणि वल्हेकरी त्यावर वल्ही मारत. पण मालिकेचा शेवट आपल्या काळाच्या दीड लाख वर्षं आधी घडतो. म्हणजे ती चाल डिलनच्या दीड लाख वर्षं आधीची, आणि तिच्या स्वामित्वधनाचा खटला हर्मीसच्या गायींइतका सहज मिटणारा नाही.

आणि याच शेवटात ऑर्फियसचं पुराण उलटं होऊन बसलंय. स्टारबक मेलेली होती आणि परत आली होती. हिरव्या माळावर ली, ऊर्फ अपोलो, तिच्याशी बोलत उभा असतो: आता मी डोंगर चढणार, नवे मुलूख पाहणार. बोलता बोलता वळतो, तर ती नाही. ऑर्फियसला निदान 'मागं वळून पाहू नकोस' अशी स्पष्ट ताकीद होती. लीला ताकीद कुणी दिली नव्हती. तो फक्त स्वतःचे बेत सांगत राहिला.

बाकीच्यांची नोंद थोडक्यात. 'अँड्रोमेडा' (२०००–२००५) मालिकेत कड्याला जखडलेल्या राजकन्येचं नाव घेतलेलं यान कृष्णविवराच्या काठाशी ३०३ वर्षं अडकून पडलेलं असतं. त्याचा कप्तान केव्हिन सोर्बो आधीच्या मालिकेत खुद्द हर्क्युलीस होता, त्यामुळे सुटकेबद्दल कुणाला फारशी काळजी वाटली नाही. 'द एक्सपान्स'मध्ये इरॉस हा लघुग्रह जाऊन शुक्रावर, म्हणजे व्हीनसवर, आदळतो. प्रेमाचा देव आणि त्याची आई. एवढ्या लांबून आलेल्या लेकानं आईला भेटायची ही रीत नव्हे.

राहता राहिली कॅसांड्रा. तिला भविष्य दिसेल पण तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, असा अपोलोचा शाप. 'रेड ड्वार्फ' या ब्रिटिश विनोदी मालिकेच्या १९९९च्या एका भागात कॅसांड्रा नावाचा, अचूक भविष्य सांगणारा संगणक भेटतो. कोण जगणार, कोण मरणार, यानावरचा रिमर हृदयविकारानं जाणार, सगळं ती सांगते. इथं सगळे तिच्यावर ताबडतोब विश्वास ठेवतात. रिमर तर आपलं नाव लिहिलेलं जाकीट दुसऱ्याच एका बिचाऱ्याच्या अंगावर चढवतो, आणि तो बिचारा छातीला हात लावून कोसळतो. पुढं कळतं की तिच्या भाकितांत मुद्दाम मारलेल्या थापाही मिसळलेल्या होत्या, कारण रिमरचा सोबती लिस्टर आपल्याला मारणार हे तिला दिसलं होतं आणि तिला आधीच सूड उगवायचा होता. लिस्टर म्हणतो, मुळीच मारणार नाही, मी माझं भविष्य स्वतः ठरवतो. असं ठणकावून तो तोंडातलं च्युइंगगम काढतो, हाताशी आलेल्या जागी चिकटवतो आणि निघून जातो. त्या च्युइंगगमपासून एकातून एक बिघाड होत जातो, आणि कॅसांड्रा जळून खाक होते.